परदेशातली बागकामाची सवय आणि इंदूरची काळी माती

न्यू जर्सीत, लंडनजवळ किंवा टोरांटोत वर्षानुवर्षं घरामागे टोमॅटो-झुकिनी लावलेली मंडळी इंदूरला परतली की पहिल्या वर्षी बी पेरतात ते मार्चमध्ये. बर्फ वितळला की बाग सुरू, ही तिकडची शिस्त हातात मुरलेली असते. रोपं एप्रिलभर तरारतात, मे लागताच फुलं गळायला लागतात आणि जूनपर्यंत एकही टोमॅटो न देता वाळून जातात. बियाणं चांगलं असतं, खत चांगलं असतं. चुकलेला असतो तो महिना. माळव्यात बागेचं वर्ष ज्येष्ठात सुरू होतं, कार्तिक ते माघ भरात असतं आणि वैशाखात विसावतं. तिकडे नोव्हेंबरात वाफे झाकून जी सुट्टी मिळते, ती इथे मे महिन्यात घ्यायची. एवढं उलटं कॅलेंडर पचलं की तिकडं शिकलेलं बरंच काही इथेही चालतं.

पाकिटावरच्या सूचना कशा वाचायच्या

‘शेवटचं हिम पडून गेल्यावर लावा’ असं टोमॅटो, लेट्यूस, ब्रोकोली, पिटुनिया यांच्या पाकिटावर असेल, तर तिकडचा एप्रिल-मे म्हणजे आपला सप्टेंबर-ऑक्टोबर समजावा. ‘पूर्ण ऊन’ ही सूचना चाळीस-पन्नास अंश अक्षांशावरच्या मवाळ उन्हासाठी लिहिलेली असते. इंदूर २२.७ अंशावर, कर्कवृत्ताच्या जरा दक्षिणेला आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी इथेही दिवसभर ऊन द्यावं. मार्चनंतर मात्र त्याच सूचनेचा अर्थ ‘सकाळचं अकरापर्यंतचं ऊन’ असा घ्यावा. गच्चीवर आणखी एक गोष्ट बघून ठेवा. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला ४४ अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या कठड्याची सावली गच्चीत आत येते आणि त्याच्या पायाशी ठेवलेल्या कुंड्या थंडीभर अंधारात राहतात. जूनच्या मध्यावर सूर्य थेट डोक्यावर, किंचित उत्तरेलाच असतो. तेव्हा कुठल्याच भिंतीची सावली कामाची उरत नाही.

कांद्यात दिवसाच्या लांबीचा घोळ होतो. थंड देशांतल्या ‘लाँग डे’ जातींना गड्डा धरायला चौदा तासांहून मोठा दिवस लागतो. इंदूरचा सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांचा. म्हणजे ते बी पेरलं तर पात खाता येईल, कांदा कधीच नाही. इथल्या बियाणांच्या दुकानात मिळतं तेच बी घ्यावं. लसणाचंही तसंच: तिकडच्या कडक दांड्याच्या लसणाला पाकळ्या सुटायला दीर्घ थंडी लागते. मंदसौर-नीमचचा लसूण हाताशी असताना तो हट्ट कशाला?

ट्यूलिप, ऱ्हुबार्ब, रास्पबेरी यांना थंडीचा मोठा मुक्काम हवा, त्यांचा नाद सोडावा. ब्ल्यूबेरीला ४.५ ते ५.५ पीएचची आम्ल माती लागते, आपली माती आठच्या आसपास. लॅव्हेंडर थंडीत सुरेख येते आणि श्रावणात मुळं कुजून मरते. केल, ब्रोकोली, लेट्यूस, झुकिनी, चेरी टोमॅटो, इटालियन बेसिल, पार्सली, स्ट्रॉबेरी मात्र थंडीत उत्तम येतात.

बॅगेतून बी आणायचा विचार असेल तर नियम माहीत असावा. भारतात बियाणं किंवा रोप आणायला आयात परवाना आणि त्या देशाचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. २००३ च्या वनस्पती विलग्नवास (प्लांट क्वारंटाइन) आदेशात हे स्पष्ट आहे. मातीसकट रोप तर आणूच नये. वर सांगितलेल्या सगळ्या थंडीच्या भाज्यांचं बी आता इथेही मिळतं.

काळी माती: चुना नको, शेणखत हवं

इंग्लंडमध्ये किंवा अमेरिकेच्या ईशान्येला पानगळीच्या सुमारास वाफ्यात चुना टाकायची पद्धत आहे, कारण तिथे पावसाने माती आम्ल होते. इंदूरच्या काळ्या मातीत मुळातच कॅल्शियम भरपूर असतं. मूठभर कोरड्या मातीवर चमचाभर व्हिनेगर टाका; फेस आला तर चुनखडी आहे हे नक्की. अशा मातीत चुना किंवा चुलीची राख घातली की लोह अडकून बसतं आणि कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यावर लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून संध्याकाळी फवारावं, आठवड्याने पुन्हा. मातीत द्यायचं चिलेटेड लोह घेताना पुडीवर ‘ईडीडीएचए’ लिहिलंय का ते बघा. ‘ईडीटीए’वालं स्वस्त असतं, पण अल्कधर्मी मातीत टिकत नाही.

काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. कुंडीत ती कडेपासून सुटते, वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जातं आणि आतला गोळा कोरडाच राहतो. पाणी तळातून लगेच वाहिलं म्हणजे कुंडी भिजली, असं समजणं इथेच फसवतं. कुंडीसाठी मिश्रण घमेल्याने मोजा: वाळवून चाळलेली काळी माती ३, जुनं शेणखत किंवा गांडूळखत ३, कोकोपीट २, जाड रेती १. या नऊ घमेल्यांत अर्धा किलो निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट आधी दोनदा साध्या पाण्यात भिजवून पिळून घ्यावी, तिच्यात मीठ असतं. शेणखत न घालता नुसती रेती मिसळली तर वाळल्यावर ढेकूळ असं घट्ट होतं की खुरपीही लागत नाही.

जमिनीत बाग असेल तर पावसाळ्यासाठी गादीवाफे: एक मीटर रुंद, २० ते २५ सेंटिमीटर उंच, मधे ४० सेंटिमीटरची चालायची सरी, तीच पाणी काढून देते. तिकडे उंच वाफा वसंतात माती लवकर तापावी म्हणून करतात. इथे तो मुळं पाण्यात गुदमरू नयेत म्हणून लागतो. उन्हाळी पिकांसाठी तोच वाफा उतरवून सपाट करावा, नाहीतर चारही बाजूंनी वाळतो. तिकडच्यासारख्या पाइनच्या फळ्यांच्या पेट्या करू नका, वाळवी एका पावसाळ्यात साफ करते. विटा किंवा फरशीचे तुकडे उभे लावावेत.

गच्चीचं वजन हा गंमतीचा विषय नाही. जिथे माणसं वावरतात त्या छतासाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला सुमारे १५० किलो आहे. १५ इंच रुंद, १५ इंच उंच ग्रो बॅगेत चाळीसेक लिटर मिश्रण मावतं आणि भिजल्यावर ती ५० किलोच्या आसपास जाते. म्हणजे चौरस मीटरला दोन, फार तर तीन. आणि त्याही तुळई किंवा भिंत जिथे खाली आहे त्या कडेने. जुन्या वाड्याच्या गच्चीवर आधी स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय मोठं काही मांडू नये.

ज्येष्ठ-आषाढ: घाई न करण्याचे दिवस

मेअखेर आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात फक्त कंद लावायचे: हळद, आलं, अळू आणि गराडू. थंडीत सराफ्यात तळून मिळणारा गराडू घरी लावणं अगदी सोपं आहे. सालीसकट १०० ते १५० ग्रॅमचे तुकडे करून कापलेली बाजू राखेत बुडवावी, दोन दिवस सावलीत सुकवावी, मग १० सेंटिमीटर खोल, ४० लिटरच्या बॅगेत एकच तुकडा. वेल दहा फूट सहज जातो, दोरी आधीच बांधून ठेवा. नोव्हेंबर-डिसेंबरात पानं पिवळी पडली की बॅग उलटी करायची. हाताला खाज येते, तेल लावूनच सोलावा.

बाकीचं बी पहिल्या सरीला पेरू नये. माळव्यातले सोयाबीनवाले शंभर मिलिमीटर पाऊस होऊन गेल्याशिवाय पेरत नाहीत, तो नियम घरच्या वाफ्यालाही लावा. वाफसा आला की पेरायचं. मूठभर माती दाबून गोळा करा आणि बोटाने टोचा: सुटून पडली तर पेरा, चिकट राहिली तर थांबा. चिखलात पेरलेलं बी कुजतं आणि वर पापुद्रा धरून अंकुर अडकतो.

जूनअखेर ते जुलै मध्य: भेंडी (रात्रभर भिजवून, २ सेंटिमीटर खोल, ३० बाय ३० वर), गवार, चवळी, काकडी, कारलं, दुधी, दोडका, घोसाळं म्हणजे आपली गिलकी. वेलाला ४० लिटरची एक बॅग, त्यात एकच वेल. दोन ठेवले तर दोन्ही उपाशी.

फळ धरत नाही, कोवळंच पिवळं होऊन गळतं, ही तक्रार गच्चीवर नेहमीची. चौथ्या मजल्यावर मधमाशी कमी येते. काकडी-कारल्याची फुलं सकाळी उमलतात, दुधी-दोडक्याची संध्याकाळी. त्या त्या वेळी नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवा. मादी फूल ओळखणं सोपं: देठाशी छोटं फळ दिसतं. त्या फळावर बारीक भोक आणि वाकडेपणा दिसला तर ती फळमाशी. वेलवर्गासाठी ‘क्यू ल्यूर’चा सापळा लागतो. आंबा-पेरूसाठीचा मिथाइल युजेनॉलचा सापळा इथे टांगून उपयोग नाही, त्याला दुसऱ्या जातीची माशी येते.

भेंडीच्या पानांवर पिवळ्या शिरांची जाळी दिसली की तो विषाणू, पांढरी माशी आणते. औषध नाही, झाड त्याच दिवशी उपटायचं. ‘क्लेमसन स्पाइनलेस’ ही अमेरिकन जात त्याला फार लवकर बळी पडते. ‘अर्का अनामिका’ किंवा ‘परभणी क्रांती’ त्या मानाने टिकतात.

भाद्रपद ते माघ: खरी बाग

थंडीच्या टोमॅटो, वांगी, फ्लॉवर, ब्रोकोलीची रोपं भर पावसात तयार करावी लागतात, आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबर मध्यापर्यंत ट्रेमध्ये पेरा: कोकोपीट तीन भाग, चाळलेलं गांडूळखत एक भाग. ट्रे छपराखाली पण उजेडात, जमिनीपासून वर. वरून झारीने धो-धो पाणी घातलं की रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडतात, ही मर. ट्रे पाण्याच्या परातीत दहा मिनिटं ठेवून खालूनच भिजवावा. पांढरी माशी रोपवाटिकेतच घुसते आणि पानं मुरडणारा विषाणू देऊन जाते, म्हणून ट्रेवर पहिल्या दिवसापासून बारीक जाळी हवी. मच्छरदाणीची भोकं तिच्यासाठी मोठी पडतात. रोपवाटिकांना विकतात ती चाळीस-पन्नास मेशची ‘इन्सेक्ट नेट’ घ्यावी.

पंचवीस-तीस दिवसांनी, पाऊस परतायला लागला की लागवड. टोमॅटो खालची पानं काढून खोल लावा, दांड्यालाही मुळं फुटतात. अंतर ६० सेंटिमीटर, सहा फुटी काठी लावतानाच रोवा, नंतर रोवली तर मुळं तुटतात. बगलफुटी, म्हणजे पानांच्या बेचक्यातले फुटवे, काढायची तिकडची सवय डिसेंबरपर्यंत चालू द्या. फेब्रुवारीनंतर थांबवा, कारण पानांची सावली गेली की फळावर उन्हाचा पांढरा डाग पडतो. फळाचं बूड काळं पडलं की अंड्याची टरफलं टाकायचा सल्ला हमखास मिळतो. काळ्या मातीत कॅल्शियम आधीच आहे. एक दिवस कोरडं, एक दिवस चिखल असं पाणी झालं की ते कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही, एवढंच. बोटभर पालापाचोळ्याचं आच्छादन आणि रोज सारखं पाणी, हा त्यावर उपाय. मार्च-एप्रिलमध्ये फळं लाल न होता नारिंगीच राहतात, कारण तीस अंशांच्या वर लाल रंगद्रव्य नीट बनत नाही. बुडाशी गुलाबी छटा आली की तोडून घरात पिकवा. दिवसाचा पारा ३५ च्या वर आणि रात्रीचा २४ च्या वर राहू लागला की नवं फळ धरायचं थांबतं, मग झाड ठेवण्यात अर्थ नाही.

ऑक्टोबरात मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, बीट, वाटाणा जागेवरच पेरावेत. त्या महिन्याचं ऊन अजून कडक असतं, म्हणून लेट्यूसचं बी उगवत नाही. तीसच्या आसपासच्या उष्णतेत ते झोपूनच राहतं. ओल्या टिश्यूत गुंडाळून दोन रात्री फ्रिजमध्ये ठेवा आणि संध्याकाळी, अगदी वरच्यावर पेरा. पार्सलीला उगवायला तीन आठवडे लागतात, कुंडी रिकामी समजून उकरू नका. ब्रोकोली ४५ सेंटिमीटरवर. मुख्य गड्डा तिरपा कापला की बाजूचे छोटे महिनाभर मिळतात. स्ट्रॉबेरीची रोपं ऑक्टोबरात लावावीत, फळ जानेवारी ते मार्च, आणि उन्हाळ्यात ती टिकवायची धडपड करू नये.

गुलाबाची छाटणी तिकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. इंदूरमध्ये पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात करा. साधारण दीड महिन्याने, लग्नसराईच्या तोंडावर झाड फुलून येतं. मोगऱ्याची छाटणी मात्र जानेवारीअखेर, आणि त्याआधी दोन आठवडे पाणी तोडून. पिटुनिया, फ्लॉक्स, नॅस्टर्शियम, स्वीट पी ही तिकडची उन्हाळी फुलं इथे हिवाळ्याची. ऑक्टोबरात बी, डिसेंबर ते मार्च फुलं. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि पारा चार-पाचवर उतरायची शक्यता असेल, तर पाल्याची, म्हणजे दव गोठून पिकं करपण्याची, भीती. त्या संध्याकाळी वाफ्यांना पाणी द्या, ओली माती रात्री ऊब सोडते. टोमॅटो, वांगी, बेसिल जुन्या साडीने किंवा धोतराने झाका, काठ्या रोवून कापड पानांपासून वर धरा. प्लास्टिक पानाला चिकटलं तर तिथेच पान भाजतं. सकाळी आठला झाकण काढायचंच.

पानगळ इथे फाल्गुनात

तिकडे सुकी पानं ऑक्टोबरात गोळा करतात. इंदूरचे कडुलिंब आणि पिंपळ फेब्रुवारी-मार्चमध्ये पान टाकतात. वर्षभराच्या खतासाठी लागणारा सुका पाला तेव्हाच पोत्यांत भरून ठेवा. ओला कचरा तर घरात रोज निघतो, आणि तो वेगळा ठेवायची सवय इंदुरात कोणाला शिकवावी लागत नाही.

परदेशातल्या सेंद्रिय बागकामाच्या वर्गांत ‘इंदोर पद्धत’ हे नाव अनेकांनी ऐकलेलं असतं. ते हेच इंदूर. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इथल्या वनस्पती उद्योग संस्थेत होते. आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागी आहे. होळकर संस्थानातल्या शेतकऱ्यांकडच्या काडीकचरा-शेणापासून नव्वद दिवसांत खत करायची रीत त्यांनी बसवली आणि १९३१ मध्ये सहकारी यशवंत वाड यांच्यासोबत पुस्तकरूपाने मांडली.

घरच्या अंगणात ती अशी करा. एक मीटर लांब, रुंद आणि उंच ढीग. याहून लहान असेल तर आतून तापत नाही. तळाला काटक्या. त्यावर १५ सेंटिमीटर सुका पाला, ५ सेंटिमीटर ओला कचरा किंवा शेणकाला, वर मूठ-दोन मूठ बागेतली माती. राख अगदी चिमूटभर, कारण आपली माती आधीच अल्कधर्मी. असे थर ढीग पुरा होईपर्यंत. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका: मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब. चार दिवसांत हात घालवत नाही इतकं गरम झालं तर बरोबर चाललंय. पंधराव्या, तिसाव्या आणि साठाव्या दिवशी पालटायचा, बाहेरचं आत आणि आतलं बाहेर. कुबट वास आला तर ओलं जास्त झालंय, सुका पाला मिसळा. थंडच राहिला तर शेणकाला कमी पडलाय. तिकडे खत थंडीत अडतं. इथे एप्रिल-मेमध्ये वाळून अडतं, तेव्हा पालटताना पाणी शिंपडा. पावसाळ्यात खड्डा करू नका, तो भरून सडतो. ढीग जमिनीवरच, वर ताडपत्री.

उन्हाळा: थोडकं लावा, माती भाजू द्या

उन्हाळी भेंडी, काकडी, गवार, चवळी, माठ हे फेब्रुवारी मध्यापर्यंत पेरून झालं पाहिजे, म्हणजे मे मध्याच्या आत तोडा संपतो. मार्चपासून ५० टक्क्यांची हिरवी जाळी, झाडांच्या वर किमान दोन फूट मोकळी. लूच्या दिवसांत पश्चिमेकडूनही एक पडदा लागतो. बारा इंची कुंडीला एप्रिलमध्ये रोज दोनेक लिटर पाणी, ते सकाळी सातच्या आत. जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी अनेक भागांत एक दिवसाआड मिळतं, त्यामुळे ते काळ्या टाकीत साठवलं जातं. दुपारी त्या नळीतून येणारं पहिलं पाणी मुळं शिजवण्याइतकं तापलेलं असतं, ते बादलीत काढून घ्या. बोअरचं पाणी वापरत असाल तर कुंडीवर पांढरा क्षार जमतो. महिन्यातून एकदा कुंडीच्या दुप्पट पाणी सावकाश घालून तो धुऊन काढावा.

रिकाम्या वाफ्यांना एप्रिल मध्यापासून भाजू द्या. भरपूर पाणी देऊन २५ ते ५० मायक्रॉनचं पारदर्शक प्लास्टिक अंथरा, कडा मातीने दाबा, चार ते सहा आठवडे उघडू नका. काळं प्लास्टिक घेऊ नका, त्याखाली माती एवढी तापत नाही. तणाचं बी, मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी आणि मर रोगाची बुरशी बरीच मरते. लव्हाळ्याच्या गाठी खोल असतात, त्या मात्र यातून सुटतात आणि खणूनच काढाव्या लागतात.

मे ते ऑगस्ट मुलांकडे जाणार असाल तर

आता इंदूरच्या कितीतरी घरांत हेच वेळापत्रक असतं, आणि बागेच्या दृष्टीने ते सोयीचंही आहे. निघायच्या महिनाभर आधी भाजीच्या कुंड्या रिकाम्या करून माती पोत्यात भरा. ठेवायची तेवढीच झाडं ठेवा: मोगरा, कढीलिंब, गुलाब, लिंबू. ती एकत्र, जाळीखाली, एकमेकांना टेकवून मांडा. तासाला दोन लिटरचा एकेक ड्रिपर, टायमरवर सकाळी पाचला ४५ मिनिटं. टाकीच्या तोंडाशी गाळणी हवीच, नाहीतर ड्रिपर गाळाने बंद पडतात. पाऊस सुरू झाला की शेजाऱ्यांनी टायमर बंद करायचा आणि कुंड्यांखालच्या थाळ्या काढून घ्यायच्या, त्यांत डास होतात. टायमर निघायच्या आदल्या दिवशी लावू नका. दहा दिवस आधी बसवून, नव्या सेलवर, रोज सकाळी प्रत्येक ड्रिपर टपकतोय का ते बघा.